नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी: बर्नआउट ओळखायचा कसा आणि आटोक्यात आणायचा कसा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षात दमणं ठरलेलंच असतं. सकाळी पोस्टिंग (म्हणजे वॉर्डातली ड्युटी), दुपारी वर्ग, रात्री केअर प्लॅन (पेशंटच्या काळजीचा लेखी आराखडा) आणि या सगळ्यात कुठेतरी जेवण. एक सुट्टी मिळाली, पोटभर झोप झाली आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात जायला पाय तयार झाले, तर तो साधा थकवा. पण सुट्टी संपली तरी अंग जडच आहे, पुस्तक उघडायचं म्हटलं की नको होतं, नातेवाइकाने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की आतून चीड येते, आणि हे तीन-चार आठवडे असंच चाललंय, तर हे बर्नआउटचं लक्षण समजून पुढची पावलं उचलायला हवीत.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बर्नआउटवर बहुतेक सल्ले मनापासून सुरू होतात: सकारात्मक राहा, ध्यान करा, छंद जोपासा. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा क्रम उलटा असायला हवा. आधी तास मोजायचे, मग लेखनकाम कापायचं, मग झोप सावरायची आणि त्यानंतर मनाकडे वळायचं. पाच तास झोपलेल्या माणसाला ध्यानाला बसवलं तर तो झोपतो, आणि त्याला तेव्हा खरं तर तेच हवं असतं.

तीन खुणा

ख्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये सेवाक्षेत्रातल्या लोकांसाठी बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली मांडली. २००२ मध्ये तिचं विद्यार्थ्यांसाठीचं रूप आलं. दोन्हींत मोजल्या जातात त्या बाजू तीनच: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्याला काही जमतं हा विश्वास उडणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा, नीट हाताळला न गेलेला दीर्घ ताण म्हणून आहे. याचा अर्थ लक्षात घ्या. गडबड फक्त तुमच्यात शोधून चालत नाही, कामाच्या मांडणीतही शोधावी लागते.

वॉर्डात या तीन खुणा अशा दिसतात.

शक्ती संपणं सगळ्यांना कळतं. गजर वाजायच्या आधीच छातीत धडधड, ड्युटी संपल्यावर बूट काढायचेही त्राण नाहीत, वरचेवर डोकेदुखी, पित्त, पाळी पुढेमागे होणं.

मन तुटणं लवकर कळत नाही, आणि पकडायचं तर तेच आधी पकडायला हवं. पेशंटचं नाव आठवेनासं होतं. उरतं ते "सात नंबरचं ड्रेसिंग". कण्हण्याचा आवाज येतो आणि आधी घड्याळाकडे नजर जाते. लेक्चरमध्ये "हे शिकून काय होणार" असं वाटत राहतं. असं झालं की विद्यार्थी स्वतःला दगड समजायला लागतात, "मी नर्स व्हायच्या लायकीचीच नाही" असं ठरवून टाकतात आणि लाजेपोटी कुणाला सांगत नाहीत. खरं तर सतत दुसऱ्याचं दुःख बघणारं मन स्वतःला वाचवण्यासाठी अंतर घेत असतं. विश्रांती आणि आधार मिळाला की बहुतेकांच्या बाबतीत ते अंतर कमी होतं.

विश्वास उडणं म्हणजे पन्नास वेळा बीपी घेतलेलं असूनही आकडा सांगताना आवाज कापणं. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, येत असलेलं उत्तरही ओठांवर न येणं.

तिन्ही एकदम असतीलच असं नाही. पण पहिलीबरोबर दुसरी दिसायला लागली की थांबून खालची पावलं सुरू करावीत.

नर्सिंगमध्येच हे इतकं का होतं

कारण तुमचं वेळापत्रक दोन ठिकाणी ठरतं. कॉलेज वर्ग, सबमिशन आणि इंटर्नल (अंतर्गत परीक्षा) ठरवतं. वॉर्ड ड्युटी ठरवतो. दोघांनाही दुसऱ्या बाजूचा भार पूर्ण दिसत नाही, आणि एकूण बेरीज फक्त तुमच्या अंगावर होते. त्यात चुकीची किंमत मोठी: गणिताच्या वहीत चुकलेला दशांश खोडता येतो, इंजेक्शनच्या डोसमधला नाही. ही भीती प्रत्येक ड्युटीत पार्श्वभूमीला चालू असते आणि ती शक्ती खातेच. शिवाय वॉर्डातल्या उतरंडीत विद्यार्थी सगळ्यात खाली, त्यामुळे जबाबदारी असते पण निर्णय हातात नसतो.

आणखी एक कारण फारसं कुणी बोलून दाखवत नाही: सतत बदलणारी पोस्टिंग. एका वॉर्डात कापूस कुठे, चादरी कुठे, कोणत्या सिस्टरना काय चालतं हे कळेपर्यंत पुढच्या वॉर्डात जायची वेळ येते. दर वेळी तुम्ही पुन्हा नवखे. हे टाळता येत नाही, पण नवखेपणाचे दिवस कमी करता येतात. नव्या वॉर्डात पहिल्या दिवशी अर्धा तास काढून या गोष्टी खिशातल्या वहीत उतरवा: इमर्जन्सी ट्रॉली, ऑक्सिजन आणि सक्शन कुठे, सुया टाकायचा डबा कुठे, औषधांच्या, व्हायटल्सच्या (ताप, नाडी, श्वास, बीपी मोजण्याच्या) आणि राउंडच्या वेळा, इन्चार्ज कोण, त्या वॉर्डात नेहमी दिसणारे पाच आजार आणि नेहमी दिली जाणारी दहा औषधं. तो वॉर्ड नुकताच करून गेलेल्या मुलीकडून ही यादी आदल्या संध्याकाळीच मिळाली तर उत्तम. वर्गाने मिळून प्रत्येक वॉर्डाचं असं एक पान तयार करून ठेवलं तर पुढच्या तुकडीचाही त्रास वाचतो.

पाऊल १: एक आठवडा तास मोजा

काहीही बदलायच्या आधी सात दिवस फक्त नोंद करा. आठवड्यात १६८ तास असतात. दर रात्री झोपायच्या आधी पाच मिनिटं, सात खाती: पोस्टिंग, वर्ग आणि लॅब, प्रवास, लेखनकाम, खरा अभ्यास, झोप, जेवण-आंघोळ-कपडे. अर्ध्या तासापर्यंतची अचूकता पुरे.

एक नमुना बघा. पोस्टिंग ३०, वर्ग आणि लॅब १४, प्रवास ९, लेखनकाम १८, अभ्यास १०, झोप ४२, जेवण-आंघोळ-कपडे १४. बेरीज १३७. उरले ३१ तास. पहिली प्रतिक्रिया येते की "म्हणजे मी ३१ तास वाया घालवते". घाई करू नका. यातले बरेच तास दहा-दहा मिनिटांचे तुकडे असतात: हजेरीची वाट, सहीची वाट, पुढच्या लेक्चरच्या आधीची रिकामी जागा. त्यांची विश्रांती होत नाही आणि अभ्यासही होत नाही.

या नमुन्यात खरी दुखरी जागा वेगळी आहे. लेखनकाम अभ्यासाच्या जवळपास दुप्पट आहे आणि झोप दिवसाला ६ तास. प्रौढ माणसाला किमान ७ तास लागतात, म्हणजे आठवड्याला ७ तासांचा तुटवडा. तो भरून काढायचा तर ते तास लेखनकामातून आणि त्या तुकड्यांतून काढावे लागतील. पोस्टिंग आणि वर्ग तुमच्या हातात नाहीत.

तासांशेजारी रोज एक आकडा आणखी लिहा: ० ते १० मध्ये आज किती रिकामं वाटलं. आठवड्याअखेर कोणत्या दिवशी आकडा चढला ते दिसतं. बऱ्याचदा तो सर्वांत लांब ड्युटीच्या दिवशी चढलेला नसतो. ज्या दिवशी झोप तुटली किंवा कुणी चारचौघांत अपमान केला त्या दिवशी चढलेला असतो. उपाय कुठे हवा ते त्यावरून ठरतं.

पाऊल २: लेखनकाम कापा

केअर प्लॅन, ड्रग स्टडी, केस स्टडी, प्रोसिजर बुक, लॉगबुक. सगळ्यात जास्त तास इथेच जातात, आणि ते जाण्याचं कारण एकच: माहिती पेशंटजवळ गोळा न करता रात्री खोलीवर बसून आठवायची. आठवत नाही, मग सीनियरची जुनी फाइल येते आणि उतरवणं सुरू होतं. उतरवायला तीन तास लागतात, डोक्यात काही जात नाही, व्हायवात "या पेशंटला हे का दिलं" विचारलं की गप्प बसावं लागतं, आणि "मला काही येत नाही" ही समजूत पक्की होते. तिसरी खूण पुष्कळदा इथूनच सुरू होते.

याऐवजी असं करा. पोस्टिंग सुरू झाल्यावर पहिल्या दोन तासांत केअर प्लॅनचा पेशंट ठरवा. शेवटच्या तासाला ठरवू नका, तेव्हा तो तपासणीला खाली गेलेला असतो. त्याच्याजवळ २० मिनिटं बसा. एक कागद चार भागांत घडी घाला. पहिल्या भागात पेशंट स्वतःच्या तोंडाने काय सांगतो, त्याच्याच शब्दांत. दुसऱ्यात तुम्हाला दिसलेलं आणि मोजलेलं: तापमान, नाडी, श्वास, बीपी, ऑक्सिजन, जखम, लघवी, झोप, भूक. तिसऱ्यात केसपेपरवरच्या तपासण्या आणि औषधं. चौथ्यात आज तुम्ही प्रत्यक्ष काय केलं आणि त्याने काय फरक पडला. निघण्याआधी चौथा भाग भरलेला हवा. मूल्यमापनाचा रकाना त्यावरूनच लिहिता येतो, आणि नेमका तोच बहुतेकांचा कोरा किंवा खोटा असतो. कागदावर पेशंटचं नाव लिहू नका, वयाचा आणि आजाराचा उल्लेख पुरे.

नर्सिंग डायग्नोसिस (नर्सने हाताळायच्या पेशंटच्या अडचणी) आठ-आठ लिहीत बसू नका. कॉलेजने आकडा ठरवून दिला नसेल तर तीन घ्या आणि त्यांचा क्रम लावा: श्वास-रक्ताभिसरणाचा धोका आधी, वेदना नंतर, माहितीचा अभाव त्यानंतर. प्रत्येकाला तीन-चार इंटरव्हेन्शन (करायच्या कृती) आणि प्रत्येकाचं कारण एका ओळीत. त्याच दिवशी, जेवण झाल्यावर, ४५ मिनिटांचा गजर लावून लिहून टाका. दुसऱ्या दिवशीवर ढकललेला केअर प्लॅन दुप्पट वेळ घेतो, कारण अर्धा वेळ आठवण्यात जातो.

ड्रग स्टडीसाठी प्रत्येक औषध एकदाच एका कार्डावर: गट, काम कसं करतं, डोस, मुख्य दुष्परिणाम, देण्याआधी काय तपासायचं, दिल्यावर काय बघायचं. फ्युरोसेमाइडचं (लघवी वाढवणाऱ्या औषधाचं) कार्ड पहिल्या वर्षी नीट केलं असेल तर प्रत्येक वॉर्डात तेच चालतं. नवं फक्त त्या पेशंटसाठी कारण काय एवढंच. लॉगबुकवरची सही त्याच दिवशी घ्या. सह्या साठल्या की शेवटच्या आठवड्यात सिस्टरांच्या मागे फिरण्यात जे तास जातात ते कुठल्याच खात्यात धरता येत नाहीत, आणि अपमानही तिथेच जास्त होतो.

पाऊल ३: अभ्यास तुकड्यांत, पुस्तक मिटून

दमलेल्या डोक्याने तीन तास पुस्तक वाचलं की अभ्यास केल्यासारखं वाटतं. उरत मात्र थोडंच. स्वतःला प्रश्न विचारून, पुस्तक न बघता आठवण्याचा प्रयत्न केला तर तेवढ्याच वेळात जास्त टिकतं; शिकण्यावरच्या संशोधनात हे पुन्हापुन्हा दिसून आलं आहे. म्हणून २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं उठून चालणं, असे रोज दोन किंवा तीन फेरे. फेऱ्याच्या शेवटच्या ५ मिनिटांत पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. तोच विषय दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मग आठवड्याने पुन्हा.

ते रिकामे तुकडे इथे वापरता येतात. दहा मिनिटांत पाच कार्डं होतात, किंवा डोसची दोन गणितं. गणितं मुद्दाम सांगतो, कारण डोस चुकण्याची भीती कमी करण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही. १ लिटर सलाईन ८ तासांत द्यायचं, ड्रिपचा सेट मिलिलिटरला १५ थेंबांचा: १००० गुणिले १५, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे ३१.२५, मिनिटाला ३१ थेंब. रोज दोन अशी गणितं महिनाभर केली की वॉर्डात हात थरथरत नाही. सगळेच तुकडे मात्र भरू नका. दिवसातले दोन रिकामे ठेवा, नुसतं बसायला.

परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण टाळा. रात्रभर जागून वाचलेलं पक्कं व्हायला झोपच लागते, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टिंग असेल तर पेशंटलाही धोका.

पाऊल ४: नाइट ड्युटीची झोप

यावर जास्त लिहितो, कारण इथे बिघडलेलं आठवडाभर सावरत नाही.

पहिल्या नाइटच्या दिवशी दुपारी दीड तास झोपा. झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं, त्यामुळे उठताना सहसा जड वाटत नाही. ड्युटीवर जाण्याआधी नीट जेवा. मध्यरात्रीनंतर हलकं आणि थोडं. चहा-कॉफी ड्युटीच्या पहिल्या निम्म्यात. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे सकाळी ९ ला झोपायचं असेल तर पहाटे ३ नंतर कॉफी नको.

पहाटे ३ ते ५ ही शरीराची सगळ्यात मंद वेळ. या वेळात काढलेला डोस, ड्रिपचा वेग आणि इन्सुलिनचं युनिट दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्याच, कितीही सोपं वाटलं तरी. वॉर्डाच्या नियमात विश्रांतीची सोय असेल तर २० मिनिटांची डुलकी उपयोगाची. पण उठल्यावर १०-१५ मिनिटं औषधांना हात लावू नका, मेंदू अजून अर्धा झोपेत असतो.

सकाळी परतताना स्वतः गाडी चालवणं टाळा. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी मंदावते, हे मोजलं गेलेलं आहे. खोलीवर आलात की थोडं खा, आंघोळ करा आणि सरळ झोपा. "जागीच आहे तर असाइनमेंट उरकते" हा विचार घातक आहे: उन्हात दोन तास काढले की शरीर दिवस समजतं आणि मग झोप तीन तासांत मोडते. खिडकीला जाड कापड, फोन दुसऱ्या खोलीत किंवा आवाज बंद, आणि खोलीतल्या मुलींना व घरच्यांना "या वेळेत उठवू नका" असं आधीच सांगून ठेवलेलं. दारावर चिठ्ठी लावायला संकोचू नका.

शेवटची नाइट झाल्यावर सकाळी दोन-तीन तासच झोपा, मग उठा, उजेडात फिरा आणि रात्री नेहमीच्या वेळी पडा. दिवसभर चौदा तास झोपून काढले तर रात्र जागण्यात जाते आणि सकाळची ड्युटी पुन्हा डोळ्यांवर येते.

पाऊल ५: वॉर्डात स्वतःला सांभाळणं

ड्युटीआधी खाल्ल्याशिवाय निघू नका. पाणी प्यायला वेळ नसतो हे खरं, म्हणून दर व्हायटल्सच्या फेरीनंतर चार घोट अशी सवय लावा. लघवी दाबून ठेवू नका.

हात धुण्याच्या वेळेचा उपयोग करता येतो. साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. ४ आकडे मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, म्हणजे एक श्वास १० सेकंदांचा. एका धुण्यात चार ते सहा श्वास होतात. सोडण्याचा वेळ लांबवला की नाडी उतरते. वेगळा वेळ काढावा लागत नाही म्हणून हे टिकतं.

मदत मागायची भीती मोठी असते, आणि ती बहुतेक वेळा शब्द न सुचण्याची असते. क्रम पाठ ठेवा: आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मी काय पाहिलं, मला काय हवंय. "सिस्टर, बारा नंबरच्या आजींचं बीपी आत्ता ९०/५० आलंय, सकाळी ११८/७६ होतं. काल पोटाचं ऑपरेशन झालंय. नाडी ११२ आहे, हात गार लागतायत. तुम्ही आत्ता येऊन बघाल का?" वीस सेकंद लागतात. असं सांगणाऱ्या विद्यार्थिनीवर ओरडण्याची वेळ क्वचित येते, आणि कुणी ओरडलंच तरी पेशंटपर्यंत मदत पोहोचलेली असते.

ओरडा खाल्ल्यावर संध्याकाळी त्याचे दोन भाग करा. त्यात पेशंटच्या सुरक्षेचा मुद्दा होता का? असेल तर तो मुद्दा एका ओळीत लिहा आणि बोलण्याची पद्धत सोडून द्या. मुद्दा काहीच नव्हता, नुसता अपमान होता, किंवा तोच माणूस पुन्हापुन्हा तसं करतोय, तर तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तिथे कोण होतं हे लिहून ट्यूटरकडे जा. सहन करणं हा अभ्यासक्रमाचा भाग नाही.

पेशंटचा पहिला मृत्यू. हे कुणालाही सोपं जात नाही. मृतदेहाची शेवटची तयारी करताना आत थांबायचं की नाही हे विचारून घ्या. "आज मला जमणार नाही" म्हणणं चालतं. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, तिथे हजर असलेल्या कुणाबरोबर तरी पंधरा मिनिटं बोला: काय घडलं, आपण काय केलं, मनात काय अडकून राहिलंय. "मी बीपी दहा मिनिटं आधी घेतलं असतं तर" असं काहीतरी अडकलेलं असतंच, आणि ते खरं आहे की नाही हे अनुभवी सिस्टरच सांगू शकतात. ते प्रसंग समाजमाध्यमांवर लिहू नका; पेशंटची गुप्तता जाते आणि दिलासाही मिळत नाही. महिन्यानंतरही ती दृश्यं झोपेतून उठवत असतील तर समुपदेशकाकडे जा.

मन तुटलंय असं वाटत असेल तर एक छोटी गोष्ट करा. दर ड्युटीत एका पेशंटशी, फक्त एकाच, काम नसलेलं दोन मिनिटं बोलायचं. नाव विचारायचं, घरी वाट कोण बघतंय ते विचारायचं. सगळ्यांशी मायेने वागायचा प्रयत्न दमलेल्या माणसाला झेपत नाही, एकाशी झेपतो.

पाऊल ६: ट्यूटरशी बोलणं

"मॅडम, खूप लोड होतोय" यावर कुणीच काही करू शकत नाही. पहिल्या पावलातले आकडे इथे कामाला येतात. "मॅडम, मागच्या आठवड्यात लेखनकामाला १८ तास गेले आणि झोप रोजची ६ तास झाली. पुढच्या महिन्यात केस स्टडीचं सबमिशन आणि इंटर्नल एकाच आठवड्यात आहे, आणि त्यात आमच्या गटाच्या नाइट्स आहेत. सबमिशन चार दिवस पुढे गेलं तर दोन्ही नीट होतील." हे किमान दोन आठवडे आधी बोला, आदल्या दिवशी नाही. एकटीने जाण्यापेक्षा चार-पाच जणींनी आपापले आकडे घेऊन जावं. मग तो एकीचा कमकुवतपणा ठरत नाही, वेळापत्रकाचा प्रश्न ठरतो.

शिकवणाऱ्यांनाही इथे विनंती आहे. सगळ्या विषयांच्या सबमिशनच्या तारखा आणि ड्युटीचं वेळापत्रक एकाच कागदावर शेजारी मांडून बघा. नाइटच्या सकाळी वर्ग ठेवू नका. एवढ्या दोन गोष्टींनी जितका भार उतरतो तितका कुठल्याही तणावमुक्तीच्या शिबिराने उतरत नाही.

हे बर्नआउटच्या पलीकडचं असेल तर

बर्नआउटमध्ये कॉलेज आणि वॉर्ड नकोसे होतात. मैत्रिणी, गाणी, घरचं जेवण सहसा नकोसं होत नाही. सगळंच नकोसं झालं, दोन आठवडे बहुतेक दिवस उदास जातायत, भूक किंवा झोप पार बदललीय, तर नैराश्याची शक्यता तपासून घ्यावी लागते. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली त्यासाठी वापरतात. ती मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे जा. नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर "अजिबात नाही" याखेरीज काहीही असेल तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टर गाठा. मैत्रिणीने असं काही बोलून दाखवलं तर तिला एकटं सोडू नका, आणि "कुणाला सांगू नको" हे वचन देऊ नका.

रक्तही तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल (स्त्रियांमध्ये १२ च्या खाली, पुरुषांमध्ये १३ च्या खाली) किंवा थायरॉइड मंद असेल तर वरचे सगळे उपाय करूनही थकवा हटत नाही, आणि दोष मनाला दिला जातो.

एक सक्त सूचना. वॉर्डातल्या साठ्यातली झोपेची गोळी, वेदनाशामक इंजेक्शन किंवा कुठलंही औषध स्वतःसाठी घेऊ नका, एकदाही नाही. औषध हाताशी असणं हा या व्यवसायातला खरा धोका आहे, आणि तो "आज एकदाच" यातून सुरू होतो.

चार आठवड्यांनी

पहिल्या पावलातली नोंद पुन्हा सात दिवस करा. तीन आकडे ताडून बघा: लेखनकामाचे तास, झोपेचे तास आणि रोजचा रिकामेपणाचा आकडा. पहिला उतरला आणि दुसरा दिवसाला ७ च्या वर गेला तर तिसरा सहसा मागून उतरतो, पण त्याला आणखी दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. झोप सुधारूनही तिसरा हललेला नसेल, तर समुपदेशकाची वेळ घ्या आणि ट्यूटरशी रजेबद्दल बोला. काही दिवसांची रजा, किंवा गरज पडली तर एक सत्र थांबणं, यात नापास होण्यासारखं काही नाही. अर्ज देताना तीन गोष्टी लेखी घ्या: पोस्टिंगचे किती तास भरून काढायचे, कोणत्या वॉर्डात आणि कधीपर्यंत, हजेरीची टक्केवारी कशी धरली जाईल, आणि परत आल्यावर पहिल्या आठवड्यात नाइट लागणार नाही हे कोण बघणार.